फ्यूजबोर्ड ते सर्टिफिकेट: इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एका घराच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२४, रविवार

काल काका-काकूंकडे गणपती बसले. संध्याकाळी आरतीच्या वेळी हॉलमधला जुना बल्ब उडाला, त्याच्यासोबत फ्यूज गेला आणि खालचे सगळे दिवे बंद. काकांनी फ्यूजची तार बदलून आरती पार पाडली. आज दर्शनाला गेलो, तर मी इलेक्ट्रिशियन म्हणून प्रसाद हातावर पडायच्या आधीच काकांनी जिन्याखालचं कपाट उघडलं. "बघ रे जरा. हे बदलायला झालंय का?"

झालंय. लाकडी पाठीचा, सहा फ्यूजचा बोर्ड. घर १९३० च्या दशकातलं, वायरिंग १९७० च्या दशकात नव्याने केलेलं, लाल-काळ्या केबलचं. आरसीडी, म्हणजे करंट गळला की सर्किट तोडणारं उपकरण, कुठेच नाही. मेन स्विच बंद करून पांढऱ्या ठिपक्याचा होल्डर ओढून काढला. इथल्या जुन्या फ्यूजवर रंगाचे ठिपके असतात: पांढरा ५ अँपिअर, निळा १५, पिवळा २०, लाल ३०, हिरवा ४५. पांढऱ्या ठिपक्याच्या होल्डरमध्ये काल घातलेली तार बोटाला जाड लागली. कार्डावरची ५ ची तार संपली होती, म्हणून काकांनी १५ ची घातली. दिवे लागले, म्हणजे झालं असंच कुणालाही वाटेल. पण त्या सर्किटची केबल १ चौरस मिमीची आहे आणि माळ्यावर ती इन्शुलेशनखाली, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कापसाच्या थराखाली, गाडलेली आहे. जाड तार जायच्या आधी ती केबलच तापेल. माझ्या गाडीत ५ ची तार होती, ती घालून दिली.

काकूंच्या दोन अटी. दिवाळीच्या आत काम झालं पाहिजे, आणि पितृपक्षात नवीन काही बसवायचं नाही. दोन्ही मान्य. पितृपक्षात फक्त मोजमाप करू, बोर्ड दसऱ्यानंतर.

१० सप्टेंबर

कागदाची बाजू आधी नीट करून घेतली. इंग्लंडमध्ये घरातला कंझ्युमर युनिट, म्हणजे फ्यूजचा बोर्ड, बदलणं हे बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या पार्ट पी खाली कळवावं लागणारं काम आहे. हा नियम १ जानेवारी २००५ पासून आहे. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन असेल तर तो काम पूर्ण करून स्वतःच आपल्या नोंदणीच्या स्कीममार्फत कळवतो. नसेल तर काम सुरू करण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे जावं लागतं. माझी नोंदणी आहे, त्यामुळे मार्ग पहिला.

काकांना हेही सांगितलं की शेवटी दोन कागद मिळतील. एक माझ्या सहीचं इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट, दुसरं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं. घर विकायची वेळ आली की समोरच्याचा वकील दुसरं हटकून मागतो. घरात राहणाऱ्याच्या जिवाशी संबंध पहिल्याचा.

वीजपुरवठादाराला फोन करून मीटरच्या पुढे आयसोलेटर, म्हणजे घराचा सगळा सप्लाय तोडणारा स्विच, बसवून मागितला. कटआऊटमधला, म्हणजे बाहेरची केबल घरात येते त्या पेटीतला, मेन फ्यूज वितरण कंपनीचा, त्यावर तिचं सील. ते तोडून फ्यूज ओढणारे भेटतात, मी ओढत नाही. तारीख मिळाली २६ ची.

२१ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस या कामातला सगळ्यात महत्त्वाचा. नवा बोर्ड बसवायला एक दिवस पुरतो. ज्या वायरिंगवर तो बसणार ती कशी आहे हे आधी कळलं नाही, तर बोर्ड बसवल्यावर संध्याकाळी सहा वाजता कळतं. तेव्हा घर अंधारात असतं आणि घाईत माणूस नको ते करतो.

सुरुवात अर्थपासून. काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांचं वाईचं घर त्यांच्या डोळ्यासमोर, म्हणून प्रश्न आला: "इथे अर्थिंगचा खड्डा कुठे असतो? आमच्याकडे तर परसात मीठ-कोळसा घालून प्लेट पुरलेली आहे, उन्हाळ्यात त्यात पाणी ओततो." मीही मिरजेत आयटीआयला तेच शिकलो. या घराला खड्डाच नाही. इथे अर्थ कंपनीच्या केबलमधूनच येतो. बाहेर रस्त्यातल्या केबलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकच, ते घरात कटआऊटपाशी वेगळे होतात. त्याचा फायदा हा की अर्थचा मार्ग धातूचा आणि कमी रोधाचा. पण बाहेर कुठे तो एकत्र न्यूट्रल तुटला, तर घरातल्या धातूच्या वस्तूंवर व्होल्टेज चढू शकतं. म्हणून गॅसच्या आणि पाण्याच्या पाइपांचं बाँडिंग, म्हणजे त्यांना अर्थशी जोडणारी वायर, जाड लागतं, तांब्याची किमान १० चौरस मिमी.

मेन स्विच बंद केला, अर्थची मुख्य वायर टर्मिनलमधून सोडवली आणि येणाऱ्या सप्लायवर लूप, म्हणजे फेजपासून अर्थमार्गे परत येणाऱ्या वाटेचा रोध, मोजला: ०.१६ ओहम. या पद्धतीच्या पुरवठ्याला कमाल ०.३५ धरतात, म्हणजे उत्तम. वायर परत कसली, आणि कसली आहे हे दोनदा पाहिलं. ही वायर सुटी राहिली तर अख्खं घर अर्थशिवाय राहतं, आणि दिवे-पंखे मात्र जसेच्या तसे चालतात.

बाँडिंग: गॅसला ६ चौरस मिमीची जुनी वायर, पाण्याला काहीच नाही. सिंकखाली तांब्याचा पाइप जमिनीतून वर येतो. दोन्हीला नवी ओढायची.

मग सॉकेटची वर्तुळं. ब्रिटिश घरात सॉकेटची केबल बोर्डातून निघते, सगळ्या खोल्या फिरते आणि बोर्डात परत येते. दोन्ही टोकं एकाच ३२ अँपिअरच्या ब्रेकरवर. भारतात वायरिंग शिकलेल्याला हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. मलाही वाटलं होतं. वरच्या मजल्याच्या रिंगची टोकं सुटी करून मोजली:

फेज ०.४६ ओहम, न्यूट्रल ०.४७, अर्थ: तुटलेला.

अर्थ तुटलेला, तरी सगळे सॉकेट चालू. दिवा लागतो, इस्त्री तापते, फोन चार्ज होतो. मोजल्याशिवाय हे घरात कुणाला कधी कळलं नसतं. एकेक सॉकेट उघडत गेलो. मागच्या बेडरूममध्ये, पलंगाच्या मागच्या सॉकेटात अर्थची वायर स्क्रूखाली चेपून चेपून तुटली होती. आवरण तिला जेमतेम धरून होतं, बोट लावल्यावर टोक हातात आलं. वायर सोलून नवं टोक काढलं, हिरवी-पिवळी स्लीव्ह घातली, कसलं. पुन्हा मोजलं: ०.७७. केबलमधली फेजची तार २.५ आणि अर्थची १.५ चौरस मिमी असली की अर्थचा रोध फेजच्या साधारण १.६७ पट यायला हवा. ०.४६ गुणिले १.६७ म्हणजे ०.७७. असा आकडा बरोबर जुळला की केबल आपल्याशी खरं बोलली असं वाटतं.

मग एका टोकाचा फेज दुसऱ्या टोकाच्या अर्थला जोडला आणि उलटही, आणि प्रत्येक सॉकेटपाशी मोजत गेलो. (०.४६ + ०.७७) भागिले ४, म्हणजे ०.३१ च्या आसपास सगळीकडे यायला हवं. सगळीकडे आलं, फक्त एका सॉकेटला ०.३९. तो रिंगवर नाही, तिथून साधारण चार मीटर काढलेला फाटा आहे. एकच सॉकेट आहे, चालतो. पण कागदावर त्याची नोंद हवी.

दुपारी मेगर, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणं. सगळी उपकरणं काढली, ५०० व्होल्ट. बहुतेक सर्किट २०० मेगाओहमच्या वर. खालच्या रिंगला फेज-अर्थ ०.३८. किमान १ लागतं. निम्म्या-निम्म्याने तोडत शोधलं, तर दोष घराबाहेर निघाला: मागच्या दारातून बागेतल्या दिव्याकडे जाणारी केबल, आणि शेडमागे प्लॅस्टिकचं जंक्शन बॉक्स. झाकण काढलं तर आत पाणी, कनेक्टर हिरवे पडलेले, आणि एक गोगलगाय. दिवा कायमचा तोडला. रिंग लगेच २०० च्या वर.

शेवटी, निघताना, एक जादा मोजमाप. वरच्या दिव्यांचा न्यूट्रल आणि खालच्या दिव्यांचा न्यूट्रल, दोन्ही बोर्डातून सोडवून, एकमेकांत मेगर मारला. दोन स्वतंत्र सर्किट, एकमेकांशी संबंध नसायला हवा. आला ०.००.

म्हणजे जिन्यातला दिवा. या वयाच्या घरात मला तो हमखास सापडतो. जिन्यातल्या दिव्याला दोन स्विच असतात, एक खाली, एक वर. तेव्हाच्या माणसाने केबल वाचवायला फेज खालच्या सर्किटचा घेतला आणि न्यूट्रल जवळ पडला म्हणून वरचा. फ्यूजच्या काळात याचा कुणाला त्रास झाला नाही. नव्या बोर्डात मात्र प्रत्येक सर्किटला स्वतःचा आरसीबीओ, म्हणजे ब्रेकर आणि आरसीडी एकत्र, असतो. तो जाणारा करंट आणि परत येणारा करंट ताडून पाहतो. खालून गेलेला वरून परत आला की दोघांनाही हिशेबात तूट दिसते. तो एक दिवा लावला की सर्किट ट्रिप.

आणि धोका नुसत्या ट्रिपचा नाही. वरचं सर्किट बंद करून कुणी वरच्या न्यूट्रलवर काम करत असेल आणि खाली कुणी जिन्यातला दिवा लावला, तर बंद समजलेल्या न्यूट्रलमधून शॉक बसतो.

२२ सप्टेंबर

घरी बसून हिशेब.

शॉवर ८.५ किलोवॅटचा, २४० व्होल्टला साधारण ३५ अँपिअर. केबल ६ चौरस मिमी. भिंतीवर किंवा लाकडावर मोकळी क्लिप केलेली असली तर ही केबल ४७ अँपिअर वाहते. पण माळ्यावर ती इन्शुलेशनखाली आहे, आणि कापसाचा थर १०० मिमीपेक्षा बराच जाड. तिथे तक्त्यात तिची क्षमता २७. तशीच ठेवून पुढे ४० चा आरसीबीओ लावणं म्हणजे केबलला रोज सकाळी उकडणं. केबल लांबीला पुरते, म्हणून ती कापसाच्या वर काढून तुळईला क्लिप करायची. एका तासाचं काम आहे.

बोर्ड पत्र्याचाच. जानेवारी २०१६ पासून घरातल्या कंझ्युमर युनिटचं आवरण न जळणाऱ्या पदार्थाचं लागतं. ढिल्या जोडामुळे तापून प्लॅस्टिकचे बोर्ड पेटल्याच्या घटना त्याच्या मागे आहेत. हा बोर्ड तर जिन्याखाली आहे, म्हणजे वरून खाली पळायच्या एकमेव वाटेखाली. दहा जागांचा घेतोय: सहा सर्किट, उरलेल्या पुढेमागे गाडीच्या चार्जरसाठी. सगळे आरसीबीओ ए टाइपचे, ३० मिलिअँपिअर. एसी टाइप स्वस्त पडतो, पण आताच्या वॉशिंग मशीन, इंडक्शन, एलईडी यांच्या गळतीत डीसीचा अंश असतो, आणि तो एसी टाइपला आंधळा करू शकतो. बीएस ७६७१ च्या, म्हणजे इथल्या वायरिंगच्या नियमांच्या, २०२२ च्या दुरुस्तीनंतर घरात सरसकट एसी टाइप लावता येत नाही. सोबत सर्ज प्रोटेक्शन, अचानक उसळणाऱ्या व्होल्टेजसाठी.

२६ सप्टेंबर

आयसोलेटर बसला, पितृपक्षातच, कारण तारीख पुरवठादाराची. वीस मिनिटांचं काम, सोळा दिवसांची वाट. मेन फ्यूज ८० अँपिअरचा आहे हे त्यांच्यासमोरच पाहून लिहून घेतलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

घटस्थापना झाली, काकूंची हरकत नाही. घट देवघरात, म्हणून त्या खोलीतलं काम आधी उरकून दिलं.

जिन्यातला दिवा आज सरळ केला. दोन्ही दिव्यांची सर्किट एकाच आरसीबीओवर घेण्याचा सोपा मार्ग असतो. एलईडीचा लोड पाहता ते चाललंही असतं. पण मग एक दोष आला की वर-खाली सगळा अंधार, आणि या घरात सत्तरीतली दोन माणसं जिना चढतात. म्हणून लँडिंगचं कार्पेट उचललं, दोन फळ्या काढल्या. वरच्या सर्किटचा फेज वरच्या स्विचला आणला, तिथून खालच्या स्विचपर्यंत नवी थ्री-कोर केबल. जुनी दोन्ही टोकांना सोडवून कनेक्टरमध्ये बंद केली. फळीखाली १९७४ सालचं एक वर्तमानपत्र मिळालं, काकांनी ते ठेवून घेतलं.

न्यूट्रल ते न्यूट्रल पुन्हा मेगर: २०० च्या वर.

गॅस आणि पाण्याला १० चौरस मिमीची वायर ओढली. गॅसचा क्लॅम्प मीटरपासून ६०० मिमीच्या आत, पहिल्या फाट्याच्या आधी. कंटिन्युइटी दोन्हीकडे ०.०२ ओहम. शॉवरची केबल कापसाच्या वर आली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी साडेआठला आयसोलेटर बंद, कुलूप घातलं, किल्ली खिशात. टेस्टर आधी चालू सप्लायवर पाहिला, मग बोर्डावर, मग पुन्हा चालू सप्लायवर. हे तीन टप्पे मी कधीच गाळत नाही. टेस्टरच मेलेला असेल तर तो जिवंत वायरही मेलेली दाखवतो.

जुना बोर्ड निघाला. शॉवरच्या लाल फ्यूजमागे लाकूड तपकिरी झालेलं, नखाने उकरलं तर भुसा पडला. काकूंना बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

नव्या बोर्डात मीटरकडून येणाऱ्या दोन्ही २५ चौरस मिमीच्या केबल एकाच भोकातून घेतल्या. पत्र्यात फेज एका भोकातून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून घेतला तर मधला पत्रा तापतो. त्यांना घट्ट धरणारी ग्लँड लावली, कारण पत्र्याच्या बोर्डात सुटलेली जिवंत केबल बोर्डालाच चिकटू शकते. अर्थची मुख्य वायर १६ ची. प्रत्येक स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने, निर्मात्याने दिलेल्या आकड्याला. हाताच्या अंदाजाने मी आधी बरीच वर्षं कसत आलो. पण टॉर्क ड्रायव्हर पहिल्यांदा वापरला तेव्हा कळलं की दिवसाच्या शेवटी हात थकला की माझे स्क्रू ढिले राहतात. तेव्हापासून तो पेटीत असतोच.

सर्ज प्रोटेक्शन जोडण्याआधी शेवटचा मेगर मारून घेतला, नाहीतर ते स्वतःच ५०० व्होल्टला वाट देऊन खोटा आकडा दाखवतं.

पावणेचारला सप्लाय चालू. वरच्या रिंगचा लूप त्या फाट्याच्या सॉकेटला ०.५४ ओहम. हिशेबाने ०.१६ अधिक ०.३९ म्हणजे ०.५५ यायला हवा होता. ३२ अँपिअरच्या बी टाइप ब्रेकरला मर्यादा १.३७, आणि थंड केबलवर मोजताना त्याचे ८० टक्के धरायचे, म्हणजे १.१०. बोर्डापाशी फॉल्ट करंट १.५ किलोअँपिअर, ब्रेकर ६ किलोअँपिअरपर्यंत तोडू शकणारे. आरसीबीओ एकेक करून ट्रिप करून पाहिले: ३०० मिलिसेकंदांत सुटायला हवेत, सगळ्यात हळू सुटणारा शॉवरचा, २६. मग प्रत्येकाचं टेस्ट बटण.

शेवटी काकूंना म्हटलं, "जिन्यातला दिवा तुम्हीच लावा." त्यांनी खालून लावला, वर जाऊन बंद केला, पुन्हा लावला. काही ट्रिप झालं नाही. दर सहा महिन्यांनी बटण दाबायचं ठरलं, आणि काकूंनी ते कालनिर्णयच्या एप्रिलच्या पानावर लिहायचं म्हणून काकांना नवीन वर्षाचं कॅलेंडर मागवायला सांगितलं.

२० ऑक्टोबर

सर्टिफिकेट लिहिलं. बोर्ड बदलाला मायनर वर्क्सचं छोटं सर्टिफिकेट चालत नाही, पूर्ण इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट लागतं. त्यात डिझाइन, उभारणी आणि तपासणी अशा तीन जबाबदाऱ्या. या कामात तिन्ही माझ्याच.

चाचण्यांच्या तक्त्यात प्रत्येक सर्किटची एक ओळ, प्रत्येक रकाना वहीतून उतरवलेला. दुसऱ्यांनी भरलेले तक्ते अधूनमधून माझ्या हातात येतात आणि त्यात सहाही सर्किटना मेगरचा एकच आकडा, लूपचे आकडे गोल, आणि रिंगचा अर्थचा रोध फेजच्या रोधाइतकाच दिसतो. असं केबलमध्ये होत नाही. ते आकडे घरी बसून भरलेले असतात. त्या घरातल्या पलंगामागच्या सॉकेटचा अर्थ कुणी पाहिलेला नसतो, आणि त्या पलंगावर झोपणारा कागद फाइलमध्ये आहे म्हणून निश्चिंत असतो. याचा मला मनापासून राग येतो.

"सध्याच्या इन्स्टॉलेशनबद्दल शेरा" असा एक चौकोन असतो. त्यात लिहिलं: वरच्या रिंगवर एक फाटा, मागची बेडरूम. बागेतला दिवा पाणी शिरल्यामुळे तोडलेला आहे, नवी केबल टाकल्याशिवाय जोडू नये. पुढची तपासणी दहा वर्षांच्या आत.

स्कीमच्या पोर्टलवर काम कळवलं. मुदत ३० दिवसांची असते, पण मी दुसऱ्या दिवसापलीकडे जाऊ देत नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा

फराळाला गेलो. बिल्डिंग रेग्युलेशन्सचं सर्टिफिकेट टपालाने आलेलं, काकांनी ते माझ्या सर्टिफिकेटसोबत निळ्या फाइलमध्ये लावलंय, आणि १९७४ चं वर्तमानपत्रही त्यातच. माझा शेऱ्यांचा चौकोन त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केला होता.

"बागेतला दिवा तोडलेला आहे असं लिहिलंयस. तेरा तारखेला तुळशीचं लग्न आहे, मागच्या दारी. तोवर होईल?"

होईल. रविवारी १० तारखेला आर्मर्ड केबल आणि पाणी न शिरणारं बॉक्स घेऊन जायचं. खालच्या रिंगवरून फ्यूज्ड स्पर, म्हणजे स्वतःचा फ्यूज असलेला फाटा, सर्किट नवीन नाही, म्हणून या वेळी मायनर वर्क्सचं सर्टिफिकेट पुरेल. तेही निळ्या फाइलमध्ये. जुन्या बॉक्सच्या जागी लावायला काकूंनी तुळशीवृंदावनापासून हात-दीड हात लांबची जागा दाखवली, तिथे भिंत कोरडी असते.